परसातल्या बदकांच्या खुराड्याला पावसाळ्यात फार वास येतोय, उपाय हवेत (कोल्हापूर)

परसदारची_पाचगाव
९ जुलै, रात्री ९:४५

नमस्कार. धागा पहिल्यांदाच काढतेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

पाचगावात आमचं घर आहे आणि मागच्या अंगाला अर्धा गुंठा मोकळी जागा. दिवाळीनंतर खाकी कॅम्पबेलची पिल्लं आणली होती. त्यातल्या सात माद्या आणि दोन नर आता मोठे झालेत. रोज पाच-सहा अंडी मिळतात. मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी मागं पळते. तेव्हा "काढून टाका बदकं" हा सल्ला कृपया देऊ नका, घरात कुणालाच तो मानवणारा नाही.

उन्हाळाभर काही त्रास नव्हता. मृगाचा पाऊस लागला आणि वास सुरू झाला. आता संध्याकाळी वारा पडला की मागं उभं राहवत नाही. शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या खुराड्यासमोर आहे, मधे जेमतेम आठ फुटांचा बोळ. काकू एका शब्दानं बोललेल्या नाहीत. पण पंधरा दिवस ती खिडकी बंद आहे. त्याच खिडकीतून आमच्या दोन्ही घरांच्या वाट्या इकडून तिकडं जायच्या. ती बंद बघून मला रोज अपराधी वाटतं.

खुराडं सहा बाय पाच फुटांचं आहे, वर पत्रा, खाली कोबा, त्यावर लाकडाचा बारीक भुस्सा. पाण्याचं घमेलं आतच ठेवते, रात्री तहान लागू नये म्हणून. बाहेर पंधरा बाय बारा फुटांचं जाळीचं आवार, खाली काळी माती. तिथं डुंबायला एक मोठा टब.

आतापर्यंत फिनेल मारून झालं, दोन तासांत वास परत येतो. चुना भुरभुरला. बंबातली राख रोज टाकतेय. दर चार दिवसांनी वरून नवा भुस्सा टाकते. राख किंवा चुना टाकला की उलट वास वाढतो असं मला वाटतं, पण घरचे म्हणतात तुझा भास आहे.

---

लेयर_पोल्ट्री
९ जुलै, रात्री १०:२०

ताई, चुना कमी पडतोय. हातात घेऊन भुरभुरू नका, चांगला पसरून मारा. आमच्या हातकणंगल्याच्या शेडमध्ये दर बॅचला चुना मारतो, वास राहत नाही. आणि नऊ बदकं तीस चौरस फुटांत म्हणजे गर्दी नाही, जागा ठीक आहे.

---

निवृत्त_पर्यवेक्षक
९ जुलै, रात्री ११:०५

पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून बरीच वर्षं काढली. ताई, चुना, फिनेल सगळं बाजूला ठेवा आणि उद्या सकाळी एकच काम करा.

उजाडताना, खुराड्याचं दार उघडलं की आत वाका आणि उकिडव्या बसा. तोंड जमिनीपासून वीतभरावर आणा आणि मग श्वास घ्या. आपण उभ्यानं वास घेतो, बदक रात्रभर त्या वीतभर उंचीवरची हवा घेत असतं.

डोळे चुरचुरले, नाकात झिणझिणलं तर तो अमोनिया. सडक्या अंड्याचा वास आला तर कुठंतरी पाण्याखाली, हवा न लागता घाण कुजतेय. ताक आंबल्यासारखा वास असेल तर सांडलेलं खाद्य भिजलंय. आणि मेलेल्या उंदरासारखा असेल तर भुस्स्यात दबलेलं अंडं किंवा खरंच मेलेला उंदीर शोधा. प्रत्येक वासाचं कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा. कुठला आहे ते ओळखल्याशिवाय काही टाकू नका.

आणि भुस्सा वरवर बघू नका. खुरप्यानं कोब्यापर्यंत उकरून बघा.

---

उसाचा_फड
१० जुलै, सकाळी ६:३०

ताई, बारीक भुस्सा वापरतायसा तिथंच चुकतंय बगा. सॉ मिलचा पिठासारखा भुस्सा पाणी वडतो खरा, पण वडून त्येचा थापा हुतो. कोंबडी उकरती, बदक न्हाई उकरत. बदक नुसतं पायानं थापटत हिंडतं. म्हंजे वर वाळकं दिसतं आन् खाली लगदा.

आमी चिपाड, म्हंजे रस काढल्याला उसाचा चोथा, वापरतो, पण आता जुलैत गुऱ्हाळं बंद हायती. जे मिळंल ते भिजलेलं आसंल, ते अजाबात आणू नका. पुढच्या साली मार्च-एप्रिलात वाळकं चिपाड पोत्यात भरून माळ्यावर टाकून ठेवा. आता भातगिरणीतनं तूस आणा. न्हाईतर सुताराकडनं रंध्याचा भुस्सा आणा, ते कुरळं कुरळं पापुद्रं आसत्यात ना, ते. टिंबर मार्केटात मिळतंय. फक्त प्लायवूडचा नको, त्यात गोंद आन् औषध आसतंय.

---

परसदारची_पाचगाव
१० जुलै, सकाळी ८:१०

पर्यवेक्षक काका, तुम्ही सांगितलं तसं केलं.

दार उघडून खाली बसले आणि पहिल्याच श्वासाला डोळ्यांतून पाणी आलं. अक्षरशः कांदा चिरल्यासारखं. उभी राहिले तर काही नाही, नेहमीचाच वास. मग खुरपं घातलं. वरचा बोटभर भुस्सा पिवळा, कोरडा. त्याखाली तपकिरी, ओला, दाबला की पाणी सुटतंय. आणि कोब्याला चिकटून काळा चिकट थर, तव्याला करपलेलं पिठलं चिकटतं तसा. तो थर उचकटला तेव्हा सडक्या अंड्याचा वास आला. घमेल्याभोवती हातभर गोलात तर नुसता राडा होता.

नऊ जीव रात्रभर त्या हवेत बसत होते आणि मी वरून फिनेलचा वास आला की समाधान मानत होते. फार वाईट वाटलं. एका मादीचे डोळे थोडे पाणावलेले दिसतात. ते यामुळंच का?

---

निवृत्त_पर्यवेक्षक
१० जुलै, सकाळी ९:३०

बहुधा यामुळंच. अमोनिया डोळ्यांच्या आणि श्वासनलिकेच्या नाजूक आवरणाला जाळतो. तिला स्वच्छ पाणी असं द्या की अख्खं डोकं बुडेल. बदक डोळे आणि नाकपुड्या पाण्यात बुडवूनच धुतं, उथळ ताटलीत ते जमत नाही. हवा बदलल्यावर दोन-तीन दिवसांत फरक दिसला नाही, किंवा डोळ्यात फेस, सूज आली, तर दवाखान्यात दाखवा.

आजच्या आज सगळा भुस्सा काढा, काळा थर खरवडून काढा, कोबा धुऊन पूर्ण वाळू द्या. बदकं तोवर बाहेर राहतील, पावसाचं त्यांना काही नाही.

घमेलं आजपासून खुराड्याबाहेर. मोठ्या बदकांना रात्री पाणी नसलं तरी चालतं, मात्र खाद्यही नको. खाद्य आत आणि पाणी बाहेर असं कधीच करू नका, कोरडं खाद्य घशात अडकतं. संध्याकाळी पोटभर खाऊ-पिऊ घाला, मग दोन्ही काढा आणि आत घ्या. पिल्लांना हा नियम लागू नाही, त्यांना पाणी कायम लागतं.

---

रसायनवाली
१० जुलै, दुपारी १:१५

ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते. ताई, राख आणि चुन्याबद्दल तुम्हाला जे वाटलं तो भास नव्हता. तुमचं नाक बरोबर होतं.

पक्ष्याच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. कोरडं राहिलं तर ते फार काही करत नाही. ओल मिळाली की जिवाणू त्याचं विघटन करतात आणि शेवटी अमोनिया तयार होतो. आता हा अमोनिया भुस्स्यात राहणार की हवेत उडणार, हे सामूवर (पीएचवर) ठरतं. भुस्सा आम्लधर्मी असेल तर तो अमोनियमच्या रूपात तिथंच बांधून राहतो. अल्कधर्मी झाला की वायू होऊन सुटतो. चुना अल्कधर्मी, लाकडाची राखही अल्कधर्मी. म्हणजे ओल्या भुस्स्यावर तुम्ही ते टाकलंत की जो अमोनिया अडकून बसला होता तोही मोकळा झाला.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत अमोनिया वायू तयार करायचा असतो तेव्हा आम्ही काय करतो? नवसागर आणि चुना एकत्र करून तापवतो. तुमच्या खुराड्यात नेमका तोच प्रयोग रोज चालू होता.

---

लेयर_पोल्ट्री
१० जुलै, दुपारी २:००

मॅडम, पुस्तकातलं बरोबर असेल, पण आम्ही इतकी वर्षं चुना मारतोय. पोल्ट्रीत कुणालाही विचारा.

---

रसायनवाली
१० जुलै, दुपारी २:४०

तुमच्या अनुभवावर माझा अविश्वास नाही. एकच विचारते. तुम्ही चुना मारता तेव्हा शेडमध्ये पक्षी असतात का? आणि खाली जुनं लिटर, म्हणजे अंथरलेला भुस्सा-तूस, असतं का?

---

लेयर_पोल्ट्री
१० जुलै, दुपारी ३:२५

नाही. बॅच निघाली, लिटर उचललं, शेड धुऊन वाळलं की मग मारतो. पक्षी यायच्या आधी.

बरोबर आहे मॅडम तुमचं. आम्ही मारतो तो जंतू मारायला, रिकाम्या कोरड्या जमिनीवर. वास जातो तो लिटर उचलल्यामुळं, श्रेय आम्ही चुन्याला देत होतो. ताई, माझा सल्ला मागं घेतो. कोबा धुऊन वाळल्यावर एकदा चुना मारायचा तर मारा, पण तो झाडून काढा आणि मगच तूस टाका. कळीचा चुना तर नकोच, ओल्या पायाला भाजतो. बदकाचा पाय कोंबडीपेक्षा मऊ असतो.

---

केळ_आळू_कर्दळ
१० जुलै, रात्री ८:५०

सगळे खुराड्याबद्दल बोलतायत, मी पाण्याबद्दल बोलते, कारण मूळ तिथं आहे. आमच्या राजारामपुरीतल्या घरामागं पाच बदकं आहेत.

बदकाची विष्ठा नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. त्यात ते पिताना जितकं पितं त्याहून जास्त सांडतं. चोचीत खाद्य घेतं, पाण्यापाशी जातं, खळबळून चूळ भरतं, परत खाद्याकडं. ही त्याची रीतच आहे, ती बदलत नाही. तेव्हा सांडणारं पाणी कुठं जाईल एवढंच आपल्या हातात आहे.

आपल्या आज्या न्हाणीघराच्या सांडपाण्यावर काय लावायच्या? आळू, कर्दळ, केळ. मी तेच केलं. जाळीच्या एका कोपऱ्यात, उताराच्या बाजूला, दोन बाय तीन फुटांचा दीड फूट खोल खड्डा घेतला. खाली मोठे दगड, वर खडी. त्यावर लोखंडी जाड जाळी चौकटीत बसवून ठेवली, बदकं चढतील एवढीच उंच. पाणी फक्त त्या जाळीवर. भांडं म्हणून वीस लिटरचा झाकणाचा डबा घेतला आणि बाजूला चार इंचांची भोकं पाडली. डोकं आत जातं, अंग जात नाही. कडा विस्तवानं गुळगुळीत करून घ्या, मान कापायला नको. सांडलेलं सगळं खडीतून खाली आणि तिथून पाईपनं केळीच्या आळ्यात.

कर्दळ तर हे पाणी वेड्यासारखं पिते. फक्त कोथिंबीर, मुळा, मेथी असलं काही त्या पाण्यावर घेऊ नका. कच्च्या खायच्या भाजीला ताज्या विष्ठेचं पाणी लागता कामा नये.

---

उसाचा_फड
१० जुलै, रात्री ९:२०

हे एक नंबर सांगितलंसा. आन् ताई, टब काढून टाका. त्यो टबच राड्याचं मूळ हाय. बदकाला पव्हायला लागतंयच आसं काय न्हाई.

---

केळ_आळू_कर्दळ
१० जुलै, रात्री ९:४५

दादा, इथं मात्र माझं पटत नाही. डोकं बुडेल एवढं पाणी मिळालं तर बदक जगतं, अंडीही देतं, हे खरं. पण अंघोळ झाल्यावर ती पंख फडफडवून शेपटीपाशी चोच घासत बसतात, तिथल्या ग्रंथीचं तेल अख्ख्या पिसांना लावतात. आमची एकेक तास ते करत बसतात. अंघोळ मिळाली नाही की पिसं मळकी, विस्कटलेली दिसायला लागतात. आपण हौसेनं पाळलीत तर एवढं त्यांचं देणं लागतो.

टब कायम भरलेला ठेवायचा नाही, एवढंच. मी सकाळी दहाला भरते, अकराला उपसते. ते पाणी बादलीनं नारळाला. टब पालथा घालून ठेवते, म्हणजे डासही होत नाहीत.

---

उसाचा_फड
१० जुलै, रात्री १०:००

आसं तासाभरासाठी आसंल तर मग काय हरकत न्हाई. माझ्याकडं शेततळं हाय, म्हणून टबाची कटकट मला ठावं न्हाई.

---

एका_भिंतीपलीकडून
११ जुलै, सकाळी ७:१५

मी काहीच पाळत नाही. माझ्या शेजाऱ्यांकडं कोंबड्या आहेत आणि मी ताईंच्या काकूंच्या जागी आहे, म्हणून लिहितोय.

काकू बोलत नाहीत याचा अर्थ त्यांना चालतंय असा घेऊ नका. संबंध जपायचे म्हणून माणूस गप्प बसतं आणि आतल्या आत साठत जातं. आज त्यांच्याकडं जा आणि तुम्हीच विषय काढा. "वास येतोय हे मला माहीत आहे, हे हे करतेय, पंधरा दिवस लागतील" एवढं म्हणा. माझ्या शेजाऱ्यांनी हे सांगितलं त्या दिवशी वास तेवढाच होता, पण माझा राग निम्मा झाला.

दुसरं. साफसफाईची वेळ. भुस्सा हलवला की दोन तास वास उसळतो. माझे शेजारी हे संध्याकाळी सातला करायचे, आमच्याकडं पोळ्या चालू असताना. आता ते दुपारी अकरा-बाराला, वारा असताना करतात. त्या वेळी हवा वर उठते, वास उडून जातो. संध्याकाळी वारा पडला की तो जमिनीलगत बोळात बसून राहतो.

तिसरं, पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेकडून येतो. काकूंचं घर तुमच्या पूर्वेला आहे का?

---

परसदारची_पाचगाव
११ जुलै, रात्री ९:००

हो, पूर्वेलाच. खुराडं पूर्वेच्या भिंतीला टेकून आहे. हा विचार कधी डोक्यातच आला नव्हता.

आज सकाळी काकूंकडं गेले. त्या म्हणाल्या, "अगं, सांगू की नको असं महिनाभर चाललं होतं माझं. यांना दमा आहे म्हणून खिडकी लावते." काकांना दमा आहे हे मला माहीत होतं, पण याच्याशी जोडलंच नव्हतं. आता हे काम माझ्यासाठी नुसत्या वासाचं राहिलं नाही.

काल सगळा भुस्सा काढला, नऊ घमेली भरली. मागच्या कोपऱ्यात ढीग घातलाय. भातगिरणीतून चार पोती तूस आणलं, त्यात रंध्याचा भुस्सा मिसळून वीतभर जाड थर दिला. घमेलं बाहेर. आज पहाटे परत वीतभरावर तोंड नेऊन बघितलं, डोळे चुरचुरले नाहीत.

---

निवृत्त_पर्यवेक्षक
११ जुलै, रात्री ९:५०

उत्तम. हे टिकवायचं तर रोज पाच मिनिटं लागतील. बदकं सकाळी बाहेर सोडली, अंडी गोळा केली (ती बहुतेक उजाडायच्या सुमारासच घालतात) की काट्याच्या फावड्यानं अख्खं तूस खालीवर करा. कोंबडी जे पायानं करते ते बदकासाठी आपल्याला करायचंय. मग मूठभर उचलून दाबा. उघडल्यावर लगेच सुटं झालं तर उत्तम. गोळा राहिला पण बोट लावताच फुटला, तर कोरडं तूस मिसळा. गोळा घट्ट राहिला किंवा हाताला पाणी लागलं, तर तेवढा भाग उचलून बाहेर. वरून नवा थर घालून झाकू नका, तुमचं आधी तेच झालं होतं.

पत्र्याखाली वर हवा जायला फट आहे का? अमोनिया हवेपेक्षा हलका असतो, वाट मिळाली तर वरून निघून जातो. पावसाला घाबरून लोक चहूबाजूंनी ताडपत्री बांधतात आणि आत वाफ कोंडते. पत्र्याखाली दोन बाजूंना वीतभर फट ठेवून बारीक जाळी मारा, मुंगूस आत येणार नाही अशी.

एक गोष्ट गांभीर्यानं सांगतो. बाहेरच्या चिखलात मेलेलं काही, सडकं खाद्य, अळ्या राहू देऊ नका. अशा कुजक्यात बोटुलिझमचं विष तयार होतं आणि अळ्या ते अंगात साठवतात. बदक त्या अळ्या आवडीनं खातं. मग पाय लुळे पडतात, मान टाकते. काही तासांत खेळ संपतो. वास येणारा चिखल म्हणूनही धोक्याचा.

---

रसायनवाली
१२ जुलै, सकाळी १०:३०

खाद्यात काय देता ताई? प्रथिनं गरजेपेक्षा जास्त झाली तर जादा नत्र विष्ठेतून बाहेर पडतं आणि त्याचाच अमोनिया होतो. आपल्याकडं शेंगदाणा पेंड सहज मिळते म्हणून लोक सढळ हातानं देतात.

---

परसदारची_पाचगाव
१२ जुलै, दुपारी १:००

लेयर मॅश (अंड्यांवरच्या पक्ष्यांचं तयार भरडलेलं खाद्य), आणि वर पेंड भिजवून रोज दोन मुठी. जास्त अंड्यांसाठी.

---

निवृत्त_पर्यवेक्षक
१२ जुलै, दुपारी १:४०

पेंड आजच बंद करा. वासापेक्षाही दुसऱ्या कारणासाठी. पावसाळी हवेत शेंगदाणा पेंडीला बुरशी धरते, तिचं अफ्लाटॉक्सिन यकृत खातं, आणि पाळीव पक्ष्यांत बदक त्याला सगळ्यात नाजूक. कोंबडी सोसेल तेवढ्यात बदक मरतं. मॅशमध्ये प्रथिनं पुरेशी असतात. पोतं जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा, भिंतीपासून लांब. तुसालाही तोच नियम. बुरशी लागलेलं तूस किंवा चिपाड आत टाकलं तर फुफ्फुसात बुरशी जाते, पिल्लं तर पटापट जातात.

---

परसदारची_पाचगाव
२१ जुलै, रात्री ९:३०

दहा दिवसांचा हिशोब देते. खुराड्याच्या आतला वास जवळजवळ गेला. त्या मादीचे डोळे निवळले. सुतारानं पत्र्याखाली फट काढून जाळी मारून दिली. जाळीचं आवार आता पश्चिमेला सरकवलंय, आणि पूर्वेच्या भिंतीकडं कर्दळ लावलीय.

पण खडीच्या खड्ड्याचं काहीतरी चुकलंय. पहिले पाच दिवस पाणी झरझर खाली जायचं. आता वर साचतंय आणि चोवीस तास सडक्या अंड्याचा वास. खडी हातानं उचलली तर मधे मॅशचा पिठलं झाल्यासारखा थर बसलाय. शिवाय आमची काळी माती, खड्ड्याच्या तळातून पाणी मुरतच नाही.

---

केळ_आळू_कर्दळ
२१ जुलै, रात्री १०:१५

माझी चूक, मी सांगायला हवं होतं. आमच्याकडं तांबडी मुरमाड भर आहे, पाणी मुरतं. काळ्या मातीत तळातून मुरण्यावर भरवसा ठेवू नका, पाईप तळालाच हवा आणि त्याला उतार हवा. खड्डा नुसता साठवणीचा झाला की तो सडणारच.

आणि खाद्य पाण्याला चिकटून ठेवलंय का? पाच-सहा पावलं लांब ठेवा. चालत येईपर्यंत चोचीतलं बरंचसं गिळून होतं. मॅश कोरडं देण्यापेक्षा थोडं पाणी शिंपून दाटसर, भुसभुशीत करून द्या, उधळत नाही. मात्र अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवा, उरलेलं आंबतं. गोळी खाद्य मिळालं तर अजून बरं. जाळीखाली एक जुनी पोह्यांची चाळण ठेवा, गाळ तिथं अडकेल, रोज झटकायची.

---

उसाचा_फड
२२ जुलै, सकाळी ६:४५

आवारात मुरूम टाका ताई. काळ्या मातीवर पाऊस म्हंजे बदकाच्या पायानं कालवलेला रेंदा. अर्धा ब्रास मुरमात तुमचं पंधरा बाय बारा तीन इंच भरंल. मधे उंच, कडंला उतार. वर पाचट, म्हंजे उसाचा वाळका पाला, कोयत्यानं तोडून टाका, अख्खं नको, पायात गुततंय.

---

नदीकाठ_चिखली
२६ जुलै, रात्री ८:२०

धागा वाचतोय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं चाललंय असं कळलं की आमच्याकडं हातपाय हलायला लागतात. पाचगावला ते भय नाही, पण नदीकाठचे वाचत असतील म्हणून लिहितो.

२०१९ च्या महापुरात बदकं आधी हलवली, ती वाचली. पण खुराड्यातलं लिटर तसंच ठेवून गेलो. पाणी उतरल्यावर जो वास आला तो मी आयुष्यात विसरणार नाही. शिवाय ते सगळं शेजारच्या आडात जाऊन बसलं. तेव्हापासून पाणी ३५ च्या पुढं चढायला लागलं की लिटर पोत्यांत भरून पक्ष्यांबरोबर उंचावर नेतो. पूर ओसरल्यावर खुराडं धुतो, आठवडाभर वाळवतो, आणि अशा कोरड्या रिकाम्या जमिनीवर मात्र चुना मारतो. हाताला जखम असेल तर त्या चिखलात उघड्या हातानं काम करू नका. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो.

---

परसदारची_पाचगाव
१ ऑगस्ट, दुपारी ४:००

मागच्या कोपऱ्यातल्या ढिगाचं काय करू? गुलाबांना थेट घातलं तर चालेल का? ढिगालाही आता थोडा वास येतोय.

---

रसायनवाली
१ ऑगस्ट, सायंकाळी ५:३०

थेट नको, मुळं जळतील. खत होऊ द्या. कर्ब आणि नत्र साधारण पंचवीस-तीसास एक असं असलं की ढीग वास न येता कुजतो. तुमच्या ढिगात नत्र जास्त झालंय, म्हणून अमोनिया सुटतोय. वाळका पाला, तोडलेलं पाचट थरांत घाला, पाऊस लागणार नाही असं झाका, आठवड्याला एकदा उलटा. थरावर थोडं सिंगल सुपर फॉस्फेट भुरभुरलंत तर ते आम्लधर्मी असल्यानं अमोनिया धरून ठेवेल आणि खतात स्फुरदही वाढेल. इथंही राख नकोच. आतून गरम लागायचं थांबलं, काळं भुसभुशीत झालं, मातीचा वास आला की वापरा.

---

परसदारची_पाचगाव
१४ ऑगस्ट, रात्री ९:१५

सगळ्यांना सांगायचं म्हणून परत आले. मुरूम टाकला, खाद्य सहा पावलं लांब नेलं, चाळण रोज झटकते. गेल्या आठवड्यात चार दिवस झड लागली होती, तरी आवारात पाय रुतला नाही. खुराड्यात रोज सकाळी काटा मारायचं काम मुलीनं अंगावर घेतलंय, मूठ दाबून "सुटं झालं" असं ओरडून सांगते.

काकूंना मुद्दाम विचारलं, खरं सांगा. म्हणाल्या, "झडीत एक दिवस आला होता थोडा, संध्याकाळी. एरवी नाही." तो एक दिवस म्हणजे ज्या दिवशी खड्ड्याचा पाईप पिसांनी तुंबला तो. तेवढं एकच आता उरलंय. सध्या दोन इंची पाईप आहे, साधारण बारा फूट लांब, केळीच्या आळ्यापर्यंत. तो बदलायचा तर कितीचा घेऊ?

---

केळ_आळू_कर्दळ
१४ ऑगस्ट, रात्री ९:४०

तीन इंची घ्या. दोन इंचीत पिसं अडकतातच. कोपरा अजिबात देऊ नका, सरळ न्या, आणि बारा फुटांना तीन-चार इंच तरी उतार पडू द्या. वरच्या तोंडाला झाकणाचा टी बसवून घ्या, म्हणजे तुंबलं तर खडी न उपसता तिथूनच वेताची काठी घालता येते.